थॉर्नबेकचं वाक्य

डिसेंबरच्या सुमाराला आमच्या शाळेच्या फाटकातून बी.एड.च्या मुली आत येऊ लागतात. काखेत गुंडाळलेले तक्ते, हातात पुठ्ठ्याची घड्याळं, थर्मोकोलचे ज्वालामुखी. बहुतेकींना साडीची सवय नसते. जिना चढताना एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने तक्ते सावरत त्या येतात. पाठ घ्यायला आलेल्या या मुलींना वर्ग दाखवायचं काम यंदा माझ्याकडे आलं, कारण शिक्षकांच्या खोलीत मीच सर्वांत नवी. काल त्यांच्यातल्या एकीने माझ्यासमोर तक्ता उघडला. वर मोठ्या अक्षरांत एक सुवचन होतं. मी ते वाचलं नाही. माझी नजर आधी खाली गेली, लाल शाईतल्या नावाकडे. नाव एका खऱ्या थोर माणसाचं होतं. मला हायसं वाटलं आणि जराशी निराशाही झाली.

"मॅडम, काही चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही. छान आहे," मी म्हटलं.

मी कोणाचं नाव शोधत होते, हे तिला सांगायला फार मागे जावं लागलं असतं. मी स्वतः बी.एड. करत होते त्या हिवाळ्यापर्यंत, आणि तिथून आणखी मागे.

सुरतेची थंडी अंगाच्या आधी नाकाला कळते. तापीच्या काठाला पोंकाच्या भट्ट्या लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण इथे तो शेव आणि साखरेच्या दाण्यांबरोबर खातात. त्याचा कोवळा धूर पुलावर येतो. उधन्याच्या बाजूला मात्र खाडीवरचा, कापड रंगवायच्या रंगाचा आंबट वास थंडीत खाली बसतो आणि दुपारपर्यंत उठत नाही. रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे येतात. खांबापासून खांबापर्यंत ताणलेला ओला गुलाबी दोरा, आणि कोपरापर्यंत गुलाबी झालेले त्यांचे हात. त्या हिवाळ्यात मी रोज त्या दोऱ्याखालून वाकून कॉलेजला जायची.

आमच्या कॉलेजात एकच ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. त्याला कापडी झबलं शिवलेलं होतं, आणि ते काढायचा मान फक्त आमच्या सरांचा. सर पाठाच्या पद्धती शिकवत. पारदर्शक कागदावर स्केचपेनने लिहायचं, काचेवर ठेवायचं, मग पंख्याची घरघर, गरम झालेल्या दिव्याचा वास आणि भिंतीवर मोठी, कडेला इंद्रधनुष्य फुटलेली अक्षरं. सरांचा आग्रह असा की पाठाची सुरुवात सुवचनाने व्हावी. कोणाचं तरी वाक्य घ्या, मोठं लिहा, खाली आडवी रेघ आणि नाव. स्वतः वाचू नका, मुलांना वाचू द्या. समजावून सांगू नका. "तुमचा आवाज पंचवीस वर्षांचा आहे," सर म्हणत, "थोर माणसाचा आवाज शंभर वर्षांचा. आधी त्याला बोलू द्या."

मला हे पटायचं. मला स्वतःचा आवाज कधीच आवडला नाही. इंग्रजी शाळेत मी मागच्या बाकावर बसून हजेरीला उत्तर द्यायची तेवढीच. दुसऱ्याचं वाक्य पुढे करून त्यामागे उभं राहायला मिळतं, हे ऐकून मला ती पद्धत माझ्यासाठीच केलेली वाटली.

एके दिवशी किन्नरीची पाळी होती. किन्नरी कतारगामची, हिऱ्याच्या कारखानदाराची मुलगी, बोलायला धीट, मला नेहमी स्वतःच्या डब्यातला खाखरा मोडून द्यायची. तिचा गुजराती माध्यमाचा पाठ होता आणि आम्ही तिच्या वर्गातली मुलं झालो होतो. तिने कागद काचेवर ठेवला. भिंतीवर अक्षरं आली. सगळ्यांनी एका सुरात वाचलं, "जे पूछतां शरमाय, ते आखी जिंदगी अटकळ करे." विचारायला जो लाजतो, तो आयुष्यभर अंदाज बांधत राहतो. आणि खाली नाव होतं, थॉर्नबेक.

माझ्या तोंडातून त्यांच्या सुरात सूर मिसळून निघालेला आवाज अर्ध्यावर थांबला. ते वाक्य मी गुजरातीत पहिल्यांदाच ऐकत होते. पण वाक्य माझ्या ताईचं होतं.

ताई माझ्याहून मोठी. ती उधन्याच्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत होती. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा जवळ एक इंग्रजी शाळा निघाली, मामांनी अण्णांना, म्हणजे वडिलांना, गळ घातली, आणि मी तिकडे गेले. ताई तोवर बरीच पुढे गेली होती. तिला तिथून हलवणं शक्य नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं का, हे मला माहीत नाही. घरी ती मला "मडम" म्हणायची. आमच्या घरात सगळे अहिराणीच बोलत. फक्त मी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायची आणि मग गप्प राहायची.

ताईचं अक्षर सुंदर होतं. म्हणून शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम तिच्याकडे आलं. सुरुवातीला ती कॅलेंडरच्या पानांमागची वाक्यं उतरवायची. पानं संपली तेव्हा तिने स्वतःच वाक्यं करायला सुरुवात केली. पण मुख्याध्यापक फळ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "हे कोणाचं? नाव कुठं आहे? बिननावाचं वाक्य फळ्यावर नको. उद्या कोणीही काहीही लिहील." ताईने घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली, पोटावर हात ठेवून, मान तिरकी करून. माय पोळी लाटता लाटता हसली होती. मायचं हसणं मला त्या नकलेबरोबरच आठवतं.

अण्णा लूमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, मास्तर होते, म्हणजे बिघडलेले संचे, माग, दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा घेऊन आम्ही दोघी खात्यात जायचो. आत गेलं की काही ऐकू येत नसे. माणसं खुणांनीच बोलत. एका जुन्या विलायती संचाच्या लोखंडी अंगावर उठावाची अक्षरं होती, तेलाने आणि धाग्याच्या तुसाने भरलेली. ताईने बोटाने ती पुसली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडून विचारलं, "वाच वं मडम. काय लिखेल शे?"

"थॉर्नबेक," मी ओरडले.

"माणूस शे का गाव?"

"माणूस असेल."

"मंग हाऊच," ताई म्हणाली. मग हाच.

दुसऱ्या दिवसापासून ताईच्या वाक्यांखाली थॉर्नबेक येऊ लागला. मुख्याध्यापकांनी फळा वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "इंग्रज का? छान. असं काहीतरी वाचत जा." ताई घरी येऊन इतकी हसली की तिला उचकी लागली.

त्या वाक्यांपैकी मला आता एकच नीट आठवतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मी शाळेतून बसने येत असे. एकदा हिवाळ्यात बस नेहमीच्या रस्त्याने न वळता दुसरीकडेच वळली. उतरायचं कुठे, हे कंडक्टरला विचारायची मला लाज वाटली. मी बसून राहिले. बस रिकामी होत गेली, मी बसूनच. शेवटच्या थांब्यावर उतरवलं तेव्हा अंधार पडायला आला होता, आणि हजीऱ्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवत चालले होते. अंदाजाने मी चालत सुटले. ताई मला शोधत अर्ध्या वाटेवर आली होती. तिने माझं दप्तर घेतलं, पट्टा स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "मडम, कंडक्टरले इंग्रजीमा इचारानं व्हतं. तो तं घाबरीसन घर लगून सोडी जाता." इंग्रजीत विचारायचं होतंस, तो घाबरून घरापर्यंत सोडून गेला असता. मी रडत होते आणि हसतही होते. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेच्या फळ्यावर विचारायला लाजणाऱ्याचं ते वाक्य होतं.

बस चुकल्याचा तो हिवाळा संपायच्या आत ताईला कावीळ झाली. नंदुरबारजवळ आमच्या गावी काविळीचं औषध देणारा आहे, असं ठरलं आणि माय तिला घेऊन निघाली. माझी परीक्षा होती. "तुना पेपर शेत, तू आठेच ऱ्हाय," माय म्हणाली. तुझे पेपर आहेत, तू इथेच राहा. उधन्याच्या फलाटावर ताई शालीत गुरफटून बाकावर बसली होती. डोळ्यांचा पिवळेपणा मला दिसत होता. मला विचारायचं होतं, कधी येशील. खूप दुखतं का. लोक इतक्या हळू आवाजात का बोलताहेत. गाडी आली आणि ताई खिडकीशी बसली. मी काहीच विचारलं नाही.

पेपर संपले त्या दिवशी मी घरी आले तेव्हा दारात खूप चपला होत्या. मला कोणी काही सांगितलं नाही. चपलांवरून मी अंदाज बांधला.

त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. मायने तिचा फोटो भिंतीवर लावला, पण हार घालू दिला नाही. अण्णांनी एकदा आणला होता, तर ती म्हणाली, "हार घाला ते ती तठेच ऱ्हाई जाई." हार घातला तर ती तिथेच राहून जाईल. तो हार मग देवाला गेला. आमच्याकडे ताई गेली असं कोणी म्हटलंच नाही. ती गावाला गेली होती आणि अजून आली नव्हती, इतकंच.

आणि आता ती गुजराती बोलत कॉलेजच्या भिंतीवर आली होती.

किन्नरीच्या पाठानंतर सरांनी टिपणी केली. फळ्यावरचं अक्षर सुधारा, वर्गाकडे पाठ करू नका. मग म्हणाले, "सुवचन उत्तम निवडलं. थॉर्नबेक. शिक्षणात यांचं काम मोठं आहे."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर होता. क्षणभर मलाच शंका आली की असा कोणी असेलही. लोखंडावर ज्याचं नाव उठवलं गेलं, तो कधीतरी जिवंत माणूस असणारच. त्यानेही कधी काही म्हटलं असेल. ते कुठे गेलं असेल?

संध्याकाळी किन्नरी मला पोंक खायला नदीवर घेऊन गेली. भट्टीवाला कणसं राखेत फिरवत होता. मी बराच वेळ मनात वाक्य जुळवलं आणि विचारलं, "किन्नरी, ये थॉर्नबेक कौन है?"

"कोई मोटो माणस हशे. अंग्रेज छे ने," ती म्हणाली. कोणी मोठा माणूस असेल.

"तुझे कहाँ से मिला ये?"

"मारी बेन की नोट में था. उसको उसकी टीचर ने लिखाया." मग तोंडात पोंक टाकत ती हसली. "तू क्यूं पूछती है, वैशाली? तेरा रिश्तेदार है?"

मी म्हटलं, नाही.

फळ्यावरून ते कोणी उतरवलं, कोणी भाषांतर केलं, ते अख्खं शहर ओलांडून कतारगामपर्यंत कसं पोचलं, याचे मी पुष्कळ अंदाज बांधले. तपासणीला आलेला एखादा साहेब, शाळा बदलून गेलेली एखादी बाई. त्या दिवसांत मला भीती वाटायची की कुठल्याही भिंतीवर, दुकानाच्या पाटीमागे, रिक्षाच्या पाठीवर ताई अचानक बोलेल. ती बोलेल आणि नाव त्या लोखंडी माणसाचं असेल. मी रस्त्याने वाचत चालायची. गर्दीत कोणी सुविचार म्हणू लागलं की मी थांबायची, आणि ते भलतंच वाक्य निघालं की पुढे चालू लागायची.

अवतरणचिन्हांचा मी तेव्हा फार विचार केला. त्या दोन चिन्हांच्या आत वाक्य किती एकटं असतं. ट्रकची धूळ बाहेर राहते, दप्तराचा पट्टा बाहेर राहतो, बोलणारीचा चेहरा बाहेर राहतो. म्हणूनच ते इतकं लांब जाऊ शकतं. सोबत काहीच सामान नसतं, एका नावाखेरीज. आणि इथे तर नावही दुसऱ्याचं.

माझा अखेरचा पाठ, परीक्षकांसमोरचा, ताईच्याच शाळेत आला. यात काही अद्भुत नव्हतं. इंग्रजी शिकवणारी आणि मराठी समजणारी मी एकटीच होते, आणि मराठी शाळा मोजक्या. धडा होता इंग्रजीत प्रश्न विचारण्याचा. सुवचन कोणतं घ्यायचं, हे मला ठरवावंच लागलं नाही. अडत होतं ते खालच्या रेघेपाशी. थॉर्नबेक लिहिलं असतं तर सरांनी मान डोलावली असती, ताई तशीच फिरत राहिली असती. मी तक्त्यावर वाक्य लिहिलं, रेघ ओढली आणि तिचं नाव लिहिलं. मंगला देवरे. घरी कोणी नसताना लिहिलं, तरी शाई वाळेपर्यंत मी दाराकडे बघत होते.

पाठाआधी सरांना तक्ता दाखवावा लागे. त्यांनी चष्मा वर केला.

"मंगला देवरे कोण, वैशालीबेन?"

"सुरतच्याच, सर."

"लेखिका?"

"फळ्यावर लिहायच्या."

सरांना काय समजलं कोण जाणे. ते म्हणाले, "अच्छा. स्थानिक. चालेल. नावापुढे सालं टाका. मुलांना काळ कळला पाहिजे."

मी जन्माचं साल लिहिलं. पुढे छोटी आडवी रेघ काढली. त्या रेघेपुढचा आकडा मला ठाऊक होता, हातही तिथवर गेला, पण तो आकडा उमटला नाही. मी ती जागा मोकळीच ठेवली, जिवंत माणसांची ठेवतात तशी.

ताईच्या शाळेच्या दारात फळा अजून होता. त्या दिवशीचा सुविचार कोणीतरी घाईत लिहिला होता, ओळ खाली घसरत गेलेली. मी तो वाचला आणि आत गेले. वर्गात सगळी आपल्याकडचीच, खानदेशातली मुलं, लूमवाल्यांची, रंगखात्यात काम करणाऱ्यांची. तेल लावून चापून बसवलेले केस, थंडीने फुटलेले गाल. मागच्या बाकावर परीक्षक आणि सर, दोघांच्या हातात पेन. मी तक्ता खिळ्याला लावला आणि बाजूला झाले. मुलांनी एका सुरात वाचलं, "विचारायला जो लाजतो, तो आयुष्यभर अंदाज बांधत राहतो. मंगला देवरे."

इतक्या तोंडांतून एकदम ते नाव आलं. घरातल्या इतक्या वर्षांच्या गप्पपणानंतर. मला वाटलं होतं, नाव लागलं की काहीतरी जागेवर बसेल. तसं काही झालं नाही. मुलं वाचून थांबली आणि पुढे काय म्हणून माझ्याकडे बघू लागली. नाव भिंतीवरच्या इतर नावांसारखंच ऐकू आलं, नकाशातल्या नदीसारखं.

मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. नियमाप्रमाणे प्रश्न शेवटी घ्यायचे असतात. पण वाक्यच असं होतं की मला तिला थांबवता आलं नाही.

"बाई, या आता कुठं राहतात?"

वर्गात पंखा बंद होता, तरी मला प्रोजेक्टरची ती घरघर ऐकू आली. परीक्षकांनी मान वर केली. मी तक्त्यावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मुलगी वाट बघत होती. तिला अंदाज नको होता.

"त्या नाहीत आता," मी म्हटलं. "वारल्या. माझी ताई होती ती."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. आवाज माझाच होता, मला तो नीट ऐकू आला. मुलीने हात खाली घेतला नाही.

"मग त्यांचं अजून एक सांगा ना, बाई."

मी शोधलं. फळ्यावरची कितीतरी वाक्यं होती, प्रकाशावर, कष्टांवर, वेळेवर. एकही हाती लागेना. जे आलं ते कुठल्याच फळ्यावरचं नव्हतं. ते भल्या पहाटेचं होतं, अर्धवट झोपेतलं, चिडलेलं. मी ते जसंच्या तसं म्हटलं.

"मन्ही गोधडी वढू नको वं, माले हीव वाजस."

सगळा वर्ग हसला. माझी गोधडी ओढू नको गं, मला थंडी वाजते, हा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही. त्यांच्या घरी रोज कोणी ना कोणी हेच म्हणत होतं. मागच्या बाकावर सर परीक्षकांच्या कानाशी लागून काही विचारू लागले. एका मुलीने वही उघडली आणि विचारलं, "बाई, हे पण लिहून घ्यायचं?"

"घ्या," मी म्हटलं. खडू उचलून मी ते फळ्यावर लिहिलं, अहिराणीतच, अवतरणचिन्हांत, आणि खाली तिचं नाव.

लिहून वळले तर ती पहिल्या रांगेतली मुलगी अजून फळ्याकडे बघत होती. तिचं समाधान झालं नव्हतं.

"मग बाई, तुम्ही दिली का त्यांना गोधडी?"

"अर्धी," मी म्हटलं.